नदीचा काठ हाही नदीच होय

नदीचे रक्षण म्हणजे पाण्याचे रक्षण, असा सर्वसाधारण समज आहे. शाळेतील पाठांतही बहुधा पाण्यातील घाणीचाच विचार होतो. वस्तुतः नदीचे सौंदर्य व तिचे आरोग्य ही दोन्ही तिच्या काठच्या भूमीवर अवलंबून असतात. सातारा व सांगली या जिल्ह्यांतून वाहणारी कृष्णा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

क्षेत्र महाबळेश्वर येथे, जेथे ही नदी उगम पावते, वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस रस्त्याने तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या वाईस त्या मानाने फारच थोडा. अर्थात वाईच्या घाटांवरून वाहणारे पाणी बव्हंशी डोंगरमाथ्यावरचे असते. डोंगरावर झाडी असेल तर पाचोळ्याचा थर व मुळ्या पाऊस अडवितात. तो जमिनीत मुरतो आणि झऱ्यांच्या रूपाने पुढे कित्येक महिने नदीस मिळत राहतो. झाडी गेली की तोच पाऊस माती घेऊन खाली धावतो आणि ती माती गाळ होऊन धरणात बसते. महाबळेश्वर-पाचगणीचा टापू केंद्र शासनाने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, त्याचे महत्त्व खालच्या खोऱ्यातील गावांनाही तितकेच आहे.

सखल भागात हेच काम काठावरची झाडे करितात. उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांच्या मुळ्या दरड धरून ठेवितात, सावलीने पाणी गार राहते व मासळीस आसरा मिळतो. पात्रातील वाळूकडे तर केवळ बांधकामाचा माल म्हणून पाहण्याची खोड लागली आहे. वाळू पाणी धरून ठेविते. ती बेसुमार उपसली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात आणि जवळच्या विहिरींचे पाणीही खाली उतरते.

पुराच्या बाबतीत जुनी माणसे अधिक सावध होती, असे म्हणावे लागते. वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली अगदी नदीकाठी बांधिले. परंतु त्याची मागील भिंत माशासारखी निमुळती ठेविली, जेणेकरून पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा. नदीला वाट देऊनच तिच्याजवळ राहावयाचे, हा तो विचार. आज मात्र ओढे बुजवून व काठावर भराव घालून घरे उभी राहतात. सांगलीस २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली आणि २०२१ साली पुन्हा महापूर आला. अतिवृष्टी हे त्याचे मुख्य कारण खरे. पण पाण्याला पसरावयास जी जागा लागते ती कोणी व्यापिली, हा प्रश्न उरतोच.

ही जागा ओळखण्यासाठी जलसंपदा विभाग दोन पूररेषा आखतो. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. पात्र व निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामास निषिद्ध असून निळ्या व लाल रेषांमध्ये निर्बंध असतात. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढील नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त असा मात्र नव्हे. असे दोन पूर लागोपाठही येऊ शकतात. वरच्या वर्गांतील मुलांस ही गोष्ट उदाहरणाने अवश्य समजावून द्यावी.

नदीकाठच्या शाळांस याचा पाठ वर्गाबाहेर घेता येईल. पावसाळा संपल्यावर, पाणी ओसरले असता आणि गावातील जाणत्या माणसास बरोबर घेऊनच मुलांना काठावर न्यावे. पाण्यात उतरू देऊ नये. कोणत्या पुराचे पाणी कोणत्या ओट्यापर्यंत आले होते हे वडीलधाऱ्यांकडून विचारून घ्यावे, त्या खुणा गावाच्या नकाशावर मांडाव्यात आणि काठची झाडे मोजून त्यांची नावे लिहावीत. पुढील वर्षी त्याच महिन्यात त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी करावी. नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीस द्यावी. घरासाठी जागा सुचविताना तिचा उपयोग होईल.