गाण्यांची यादी, सहलीचे सल्ले आणि त्यावर नसलेली तारीख

मार्च सरत आला की नाशिकमधल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन निरोप हमखास येतात. एक म्हणजे ‘गाडीत लावायला गाणी सुचवा’. दुसरा म्हणजे ‘निघण्यापूर्वी जरूर वाचा’ अशा मथळ्याखाली वीस-पंचवीस सल्ल्यांची लांबलचक यादी. दोन्ही मनापासून पाठवलेले असतात. आत्याने सुचवलेलं नाट्यगीत आणि भाच्याने घुसवलेलं रॅप एकाच यादीत नांदतात, हे मला फार छान वाटतं. सहलीची निम्मी मजा या तयारीतच असते. खटकते एकच गोष्ट: या निरोपांवर तारीख नसते. गेल्या वर्षीचा, दुसऱ्या ऋतूतला, दुसऱ्याच्या फोनवर चाललेला सल्ला जसाच्या तसा पुढे सरकत राहतो आणि त्यातून गैरसमज पक्के होतात.

पहिला घोटाळा सुट्टीपासूनच सुरू होतो. ‘वसंतातली सहल’ सगळ्यांची एकाच वेळी निघते, असं धरून यादी केलेली असते. सीबीएसईच्या शाळांचं नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला उघडतं, त्यामुळे त्या मुलांच्या हाती मार्चअखेरचे थोडेच दिवस येतात. राज्य मंडळाच्या शाळांमध्ये 2025 साली पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने घेतल्या आणि त्या 25 एप्रिलपर्यंत चालल्या. म्हणजे त्या घरांची सहल मे महिन्यातच. मार्चअखेरचं नाशिक आणि मेच्या मध्यावरचं नाशिक ही सहलीच्या दृष्टीने दोन वेगळी गावं आहेत.

‘नाशिकला कधीही या, द्राक्षं लगडलेलीच असतात’

बाहेरगावच्या पाहुण्यांना पाठवल्या जाणाऱ्या सल्ल्यांमध्ये हा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात चुकीचा. द्राक्षाच्या वेलीची आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो. म्हणून द्राक्षं पाहायची असतील तर जानेवारी ते मार्च हाच काळ. वाइनच्या द्राक्षांची तोडणीही याच सुमारास होते, आणि टबात उतरून द्राक्षं पायांनी तुडवण्याचे कार्यक्रमही तेव्हाच. सुला विनयार्ड्सचा संगीत महोत्सव 2008 साली सुरू झाला, मधली काही वर्षं बंद राहिला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा भरला. फेब्रुवारीच का, याचं उत्तर वेलीच्या या वेळापत्रकात आहे. फॉरवर्डमधले हिरवेगार मांडव आणि काळेभोर घड त्याच महिन्यातले असतात.

मे महिन्यात बागेत गेलात तर घड नसतील. पण दाखवण्यासारखं काहीच नसतं, हाही गैरसमज. खरड छाटणीने वेल पार उघडी होते, मग तिला नव्या काड्या फुटतात. शेतकरी त्यातल्या नको त्या फुटी काढून मोजक्याच ठेवतात. याच काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड डोळ्यांना न दिसणाऱ्या रूपात तयार होत असतात. बागायतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्यासाठी स्वच्छ, भरपूर ऊन लागतं. ज्या उन्हाला आपण सहलीत नावं ठेवतो, त्याच उन्हात पुढच्या फेब्रुवारीची द्राक्षं घडत असतात. मुलांना हे दाखवावं, फक्त मालकाला विचारून आणि त्या दिवशी फवारणी नाही ना, याची खात्री करून.

ऋतूची हीच चूक इतर ठिकाणीही होते. विहीगावचा अशोका धबधबा, भावलीचा परिसर यांचे व्हिडिओ जुलै-ऑगस्टमधले असतात. एप्रिलमध्ये तिथे कोरडा कातळ भेटतो. भंडारदऱ्याचे काजवे मेअखेर आणि जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर दिसतात. तिथे जाणाऱ्यांनी गाण्यांची यादी गाडीतच ठेवावी, आणि गाडीचे दिवेही बंद करावेत, कारण काजव्यांचं चमकणं हा नर-मादीचा एकमेकांना दिलेला इशारा असतो आणि हेडलाइटच्या झोतात तो हरवतो. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. तिथले स्थलांतरित पक्षी हिवाळ्यात येतात आणि मार्चअखेर बरेचसे परतीला लागलेले असतात. मार्चमध्ये जायचं तर सूर्योदयाला पोचावं. मेमध्ये पक्ष्यांचे थवे पाहायला म्हणून जाऊ नये.

वणीच्या गडाबाबत उलटं होतं. ‘सुट्टीत निवांत दर्शन होतं’ असं कुणीतरी लिहितं. पण रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत सप्तशृंगीचा चैत्रोत्सव असतो आणि खानदेशातून हजारो भाविक पायी येतात. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या पायथ्याला नांदुरीतच थांबवतात आणि पुढे एसटीनेच जावं लागतं. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर पायऱ्यांना पर्याय म्हणून 2018 पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. ‘आजीला जमणार नाही’ म्हणून तिला घरी ठेवण्याचं कारण उरलेलं नाही.

‘खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही’

लासलगावच्या जिल्ह्यात या सल्ल्याला मान असणारच. पण खिशातला कांदा शरीराची उष्णता खेचून घेत नाही. उन्हात शरीर थंड राहतं ते घाम येऊन आणि तो वाळून. त्यासाठी पोटात पाणी आणि मीठ हवं, अंगावर सैल सुती कपडे हवेत, आणि दुपारी बारा ते चार सावली हवी. कांदा जेवणात जरूर खा. खिशात ठेवल्याचा तोटा असा, की तो ठेवला म्हणून लोक टोपी आणि बाटली विसरतात. ‘नाशिक थंड हवेचं गाव’ हा समजही जानेवारीतल्या निफाडच्या थंडीच्या बातम्यांवर पोसलेला आहे. उन्हाळ्यात इथलाही पारा चाळिशी गाठतो.

ओआरएसची पुडी आणली तर ती पुडीवर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यात, म्हणजे बहुधा एक लिटरमध्ये, विरघळवायची. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी टाकणं मुलांना अपायकारक आहे. गोड फळपेयांनाही ओआरएस समजू नये. नावात ‘ओआरएस’ मिरवणाऱ्या अशा पेयांवर एफएसएसएआयने ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी घातली.

‘यादी पाठवली म्हणजे गाणी पोचली’

गाण्यांच्या बाबतीतला हा सगळ्यात मोठा गैरसमज. प्लेलिस्टची लिंक पाठवली की समोरच्याला मिळतो तो फक्त पत्ता. गाणी त्याच्या फोनवर येत नाहीत. त्याच्याकडे ते ॲप हवं, खातं हवं, आणि ते गाणं त्याच्या देशात उपलब्ध हवं. अमेरिकेतल्या चुलतभावाने केलेल्या यादीतली काही गाणी इथे करडी दिसतात आणि वाजत नाहीत, ती परवान्यांमुळे.

पुढची गडबड ‘डाउनलोड’ची. डाउनलोड केलेलं गाणं कायमचं आपलं, असं वाटतं. स्पॉटिफायवर गाणी डाउनलोड करायला पैसे भरून सदस्य व्हावं लागतं, आणि 30 दिवसांतून किमान एकदा फोन इंटरनेटला जोडावा लागतो. नाहीतर ती वाजेनाशी होतात. सदस्यत्व संपलं तरी तेच. होळीला भरून ठेवलेली आणि नंतर कधी उघडलीच नाही अशी यादी मेमध्ये घाटात दगा देते ती यामुळे. उपाय सोपा आहे. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर ॲप उघडायचं, मग फोन फ्लाइट मोडवर टाकून दोन-चार गाणी वाजवून पाहायची. वाजली तर रस्त्यातही वाजतील.

‘गाण्यांनी डेटा संपतो’ ही भीती मात्र अवाजवी आहे. 160 केबीपीएस दर्जाचं गाणं तासाला साधारण 72 एमबी घेतं. डेटा खातो तो मागच्या सीटवरचा व्हिडिओ. ब्लूटूथला तर इंटरनेट लागतच नाही. आणि नेटवर्क गेलं म्हणजे आपण कुठे आहोत हे फोनला कळत नाही, हेही खरं नाही; जीपीएस थेट उपग्रहांकडून संकेत घेतं. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर रेंज नसतानाही तो रस्ता दाखवतो, फक्त वाहतूक कोंडी दाखवत नाही. समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यात मात्र डोक्यावर आकाशच नसतं. तिथे नकाशावरचा बाण अडखळला तर गोंधळू नका.

एक विनंती आहे. ‘गाण्यांचा क्रम कसाही चालतो’ असं म्हणून सरसकट शफल लावू नका. चैत्रात पंचवटीकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत गीतरामायण लागतं. गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी संगीत दिलेली ही 56 गीतं पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून, म्हणजे त्या वर्षीच्या रामनवमीपासून, आठवड्याला एक अशी वर्षभर प्रसारित झाली. ती कथा आहे. शफलवर टाकली की वनवास आधी आणि रामजन्म नंतर येतो. ॲपच्या फुकट आवृत्तीत क्रम आपल्या हाती नसेल तर ही एक गोष्ट तरी स्वतंत्र ऐकावी. लहान मुलाला कथा त्या ओघातच कळते, आणि नाशिकला पोचल्यावर पंचवटी हे नाव त्याला ओळखीचं वाटतं.

‘पहाटे तीनला निघू, मोठ्याने गाणी लावली की झोप येत नाही’

हा सल्ला मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, कारण इतर चुकांनी सहल बिघडते, ही चूक जिवावर बेतते. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीराची झोपेची ओढ सर्वाधिक असते. दुपारी दोन ते चारच्या सुमारास ती पुन्हा वाढते. आवाज वाढवला, काच खाली केली की चार मिनिटं तरतरी वाटते. झोपेची भूक त्याने भागत नाही. काही सेकंदांची डुलकी माणसाला स्वतःला कळतही नाही, आणि ताशी 100 किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर पुढे जाते. समृद्धीचा रस्ता सरळ, सपाट, एकसुरी. 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून पूर्ण 701 किलोमीटरचा मार्ग वापरात आहे, आणि हलक्या वाहनांना सपाटीवर 120 ची मर्यादा आहे. अशा रस्त्यावर पेंग लवकर येते.

झोपेवर इलाज झोपच. रात्री पूर्ण झोपून सहाला निघा. वाटेत डोळे जड झाले तर सुरक्षित जागी थांबून कॉफी घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं पडा. कॉफीचा परिणाम जाणवायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही पुरी होते. चालकाशेजारी बसलेल्याने झोपू नये. गाणी बदलण्याचं कामही त्याचंच.

तारखेवाचून शिळे झालेले आणखी दोन सल्ले. रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडतं, हे आता खरं नाही. 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली आहे. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी पडताळलेलं हवं. ते काम सकाळी दहाला खिडकी उघडल्यावर होत नाही, आठवडाभर आधी करून ठेवावं. दुसरं, ‘फास्टॅगचा वार्षिक पास काढला की सगळे टोल मिटले’. 15 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेला हा पास, सुरुवातीला 3,000 रुपयांचा आणि एक वर्ष किंवा 200 फेऱ्यांचा, फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. समृद्धी हा राज्याचा रस्ता आहे, तिथे टोल वेगळा कापला जातो. फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी एवढंच, की ‘डब्यात गाणी लावली तर सगळ्यांनाच मजा येते’ हे गृहीत धरू नये. रात्री दहानंतर इअरफोनशिवाय मोठ्याने गाणी लावायला रेल्वेची मनाई आहे. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांनी तर आपला ‘आदर्श कोच’ शिस्तीने चालवून दाखवला आहे. आणि मुलांच्या कानात इअरफोन असतील तर आवाज बेताचा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास अशी आहे.

सल्ला कसा लिहावा, याचा नमुना देतो: ‘वणी गड. 6 एप्रिल, सोमवार. सकाळी सातला नांदुरीत पोचलो, गाडी तिथेच लावायला लावली, एसटी लगेच मिळाली. ट्रॉलीला रांग होती. सोबत आई, वय 74. पाणी वर मिळतं.’ चार ओळी, पण कुणी, कधी आणि कुणासोबत, हे सगळं त्यात आलं. दोन महिन्यांनी वाचणाऱ्याला यातलं काय बदललं असेल ते ताडता येतं. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर भागात कामं सुरू आहेत, त्यामुळे रस्त्यांबद्दलचा महिन्याभरापूर्वीचा निरोपही एकदा विचारून घ्यावा. ग्रुपवर पिन करून ठेवलेली गेल्या वर्षीची यादी ॲडमिनने आजच काढून टाकावी. सहलीचे फोटो मात्र घरी परतल्यावर स्टेटसला टाकावेत. ‘आम्ही सगळे आठ दिवस बाहेर’ ही बातमी बंद घराबद्दल नको त्यालाही कळते.