शिवराई पंचवीस लाखांची, रुपया एक कोटीचा

इंटरनेटवरच्या एखाद्या लिलावाच्या किंवा खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर 'जुनी नाणी' एवढे दोन शब्द टाकून पाहा. ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट दिसेल आणि तिच्यापुढे किंमत असेल तीन लाख. खाली वैष्णोदेवीची छबी असलेले पाच रुपयांचे नाणे, दहा लाख. त्याच्याही खाली एक काळपट तांब्याचा तुकडा, 'महाराजांच्या राज्याभिषेकाचे अस्सल नाणे', पंचवीस लाख, आणि वर 'घासाघीस करू नये' अशी ताकीद!

मी मेहरूणला राहतो. मेहरूण म्हटले की बाहेरच्या माणसाला तलाव आणि बोरे आठवतात. आमच्या गल्लीत मात्र मी 'नाणीवाले काका' म्हणून ओळखला जातो, कारण गेली चाळीस वर्षे मला नाणी गोळा करण्याचा नाद आहे. पूर्वी एखादे पोर नाणे घेऊन यायचे आणि विचारायचे, "काका, हे कोणत्या राजाचे?" आता मोठी माणसे येतात, आधी मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "काका, याचे किती येतीन?" त्यांना रागावण्यात अर्थ नाही. पडद्यावर तीन लाखांचा आकडा स्वच्छ दिसतो आहे आणि तीच नोट आपल्या देवघरातल्या डब्यात आहे, हे पाहिल्यावर कोणाचाही जीव वरखाली होईल.

पण श्रोतेहो, तो आकडा मागणाऱ्याचा असतो, देणाऱ्याचा नव्हे. रावेरच्या केळीचा भाव ठरतो तो झालेल्या सौद्यांवरून. उद्या एखाद्याने आपल्या घडाला 'एक लाख रुपये' अशी चिठ्ठी लावली म्हणून काही केळीचा भाव लाखावर जात नाही. नाण्यांचेही तसेच आहे. जाहिरात टाकायला खर्च जवळजवळ काही नाही, त्यामुळे वाटेल तो आकडा लिहिता येतो. एकाने लिहिला की दुसरा तो पाहून दुप्पट लिहितो, आणि तिसरा या दोघांचे दाखले देऊन व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरवतो. विकले काहीच गेलेले नसते.

वैष्णोदेवीचे नाणे निघाले २०१२ साली. १९८६मध्ये स्थापन झालेल्या देवस्थान मंडळाला पंचवीस वर्षे झाली, त्यानिमित्त. पाच आणि दहा रुपयांची ती नाणी रोजच्या व्यवहारासाठीच पाडली होती आणि तुमच्याआमच्या हातांतून गेलेली आहेत. ट्रॅक्टरच्या नोटेवर तर आजही पाच रुपयांची भाजी मिळायला हरकत नाही, ती कायदेशीर चलन आहे. एखादा हौशी माणूस ७८६ क्रमांकाच्या कोऱ्या नोटेला थोडे जास्त देईल, ती त्याची श्रद्धा किंवा हौस. लाखांचा तिथे प्रश्नच येत नाही.

नाणे जुने आहे म्हणून महाग असते, ही समजूत तर सर्वांत चिवट. कुशाणांचे तांब्याचे नाणे अठराशे वर्षांचे असूनही काही शे रुपयांत मिळू शकते, कारण ती भरपूर सापडली आहेत. उलट १९३९ सालचा चांदीचा रुपया शंभर वर्षांचाही नाही, पण तो अस्सल असेल तर संग्राहक त्याला चांगली किंमत देतात. किती नग उरले, कोणत्या स्थितीत उरले आणि ते हवे असणारे किती, या तीन गोष्टींवर सगळे ठरते.

आता ही फसवणूक नेमकी कोणाची होते? आपल्याला वाटते, घेणाऱ्याची. पंचवीस लाख देऊन शिवराई घेणारा वेडा अजून तरी मला भेटलेला नाही. फसतो तो बहुतेक वेळा विकणारा, म्हणजे ज्याच्या घरात एकच नाणे आहे तो गरजू माणूस. २०२१ साली बंगळुरूच्या एका बाईंनी १९४७ सालचे एक रुपयाचे नाणे ऑनलाइन विकायला ठेवल्याची बातमी आली होती. समोरच्याने एक कोटीला घेतो म्हणून सांगितले आणि कर भरण्याच्या निमित्ताने त्यांच्याकडूनच सुमारे एक लाख रुपये काढून घेतले. ते नाणे म्हणजे एका बाजूला राजा सहावा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला वाघ असलेला निकेलचा रुपया. लोहचुंबकाला चिकटतो आणि कोट्यवधी पाडलेला आहे.

आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या बाबतीत हेच लहान प्रमाणावर घडले. नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे पैसे भरायचे होते. डब्यात सासूबाईंनी दिलेले राणी छाप आणि राजा छाप मिळून अकरा रुपये होते. नातवाने त्यांचे फोटो एका ठिकाणी टाकले आणि तासाभरात फोन आला. बोलणारा मोठा गोड. "आजी, तुमच्या एका नाण्याचे चार लाख मंजूर झाले, फक्त नोंदणीचे एकवीसशे पन्नास पाठवा." ते पाठवले. मग 'जीएसटी'चे आठ हजार. ते पाठवल्यावर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह छापलेले एक प्रमाणपत्र मोबाइलवर आले आणि आणखी पंधरा हजारांची मागणी आली. तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. प्रमाणपत्रात 'रिझर्व्ह' हा शब्दच चुकीचा लिहिलेला होता. दहा हजार एकशे पन्नास रुपये गेले ते गेले. त्या माणसाने नाणी मात्र कधी मागितली नाहीत, त्याला ती नकोच होती. मला वाटते, या धंद्याची खरी खूण हीच आहे.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट केले होते की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कोणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. जो विकत घेणार आहे, तो पैसे देतो. तोच आधी पैसे मागू लागला तर फोन ठेवावा. पैसे गेलेच असतील, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता असते.

आजींच्या डब्यातल्या चांदीचे काय झाले, तेही सांगतो. ब्रिटिश काळातला प्रमाण रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात चांदी ९१.७ टक्के. म्हणजे एका न झिजलेल्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. त्या दिवशीच्या भावाने गुणले की नाण्याची किमान किंमत हातात आली. आम्ही जळगावच्या सराफ बाजारात गेलो आणि काट्यावर नाणी तोलली. चांदीच्या भावानेच नातीचा पहिला हप्ता सुटेल एवढी ती होती. एक रुपया बरा स्वच्छ ठशाचा निघाला, तो मोडीत न घालता एका संग्राहकाला दिला, त्याचे चांदीपेक्षा थोडे जास्त आले. चार लाख नव्हेत. पण आजींना कोणी फी मागितली नाही.

सराफाचा काटा हे खोटी नाणी ओळखण्याचेही उत्तम साधन आहे. चांदीचा पूर्ण वजनाचा रुपया दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोला, वजन साधारण १.१३ ग्रॅमने कमी भरेल. वर चांदीचा मुलामा आणि आत पितळ असेल तर घट १.३ ग्रॅमच्या पुढे जाते. आर्किमिडीजला राजाच्या मुकुटासाठी जे सुचले, तेच इथे चालते. अर्थात हे हातात नाणे असेल तर. फोटो पाण्यात बुडवता येत नाही!

१९३९च्या रुपयाची नक्कल सर्वांत जास्त होते. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि नक्कल रोखण्यासाठी दातेरी कडेला मधोमध खाच दिली गेली. त्यामुळे १९४०नंतरच्या एखाद्या नाण्यावरचा आकडा खरवडून कोणी १९३९ केला असेल, तर कड त्याला उघडे पाडते. म्हणूनच विक्रेता कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर मी तिथेच थांबतो. ओतीव नाण्यावर बारीक खड्डे दिसतात, अक्षरे साबणाची वडी वापरल्यासारखी गुळगुळीत असतात आणि कधी कडेवर साच्याचा सांधा दिसतो. टाकसाळीत ठोकलेल्या नाण्याची अक्षरे झिजली तरी त्यांची धार कळते.

शिवराईबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण ती आपल्या घरांतून खरोखर सापडते. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असलेला हा तांब्याचा पैसा १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झाला. पण तो तिथे थांबला नाही. महाराजांनंतरच्या छत्रपतींच्या काळात आणि पुढे पेशवाईत अनेक टाकसाळींतून त्याच नावाने, त्याच अक्षरांनी शिवराया पडत राहिल्या. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तर काळातली. महाराजांचे नाव दीडशे वर्षे पैशावर टिकून राहिले, ही केवढी मोठी गोष्ट! पण त्यामुळेच प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते, आणि साधी झिजलेली शिवराई आजही शे-दोनशे रुपयांपासून मिळते. सोन्याचा होन मात्र खरोखर दुर्मीळ. वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम, आणि नावाजलेल्या लिलावात तो लाखांत जातो. गडकिल्ल्यांच्या पायथ्याशी होनाच्या आणि शिवराईच्या प्रतिकृती मिळतात, त्या आठवण म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. त्याच प्रतिकृतीला माती-शेण चोळून 'शेतात सापडलेली' म्हणून लिलावात मांडली जाते, तेव्हा तो गुन्हा होतो.

दुसरा प्रकार रामदरबाराचा. 'ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८' असे लिहिलेले आणि मागे राम-सीता किंवा हनुमान असलेले जाड नाणे. असा अर्धा आणा कंपनीने कधी पाडलाच नाही. सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी कंपनीने १८३५मध्ये आणली, आणि तिच्या खऱ्या अर्ध्या आण्यावर कंपनीचे मानचिन्ह आहे, देव नाहीत. मद्रासकडे दक्षिणी रिवाजाप्रमाणे देवमूर्तींचे होन कंपनीने पाडले होते हे खरे, पण ते वेगळे, छोटे, सोन्याचे. रामदरबाराचे तुकडे म्हणजे पूजेसाठी किंवा फसवण्यासाठी अलीकडे केलेली पदके. 'हे नाणे तांदूळ ओढते' अशी थाप मारून याच तुकड्यांवर लोकांनी जमिनी गहाण टाकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तांदळाला लोखंडाचा कीस चोळून ठेवला की चुंबक काहीही ओढतो.

मग खरा भाव कळायचा कसा? मुंबईत आणि इतरत्र नाण्यांचे रीतसर लिलाव होतात आणि तिथे कोणते नाणे शेवटी कितीला गेले त्याची यादी लिलावानंतर प्रसिद्ध होते. ती यादी पाहावी. ऑनलाइन लिलावातही 'विकले गेलेले' एवढेच निवडून पाहण्याची सोय काही ठिकाणी असते. पण तिथेही डोळे उघडे ठेवावेत. विक्रेत्याचाच भाऊ दुसऱ्या नावाने बोली चढवत असू शकतो, आणि फोटो एखाद्या जुन्या कॅटलॉगमधून उचललेला असू शकतो. मी विक्रेत्याला सांगतो, आजच्या वर्तमानपत्रावर नाणे ठेवून फोटो पाठवा. निम्मे लोक त्यानंतर उत्तरच देत नाहीत.

कायद्याचे दोन शब्द. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते, ते परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा परदेशी खरेदीदार कितीही डॉलर देवो, टपालात टाकू नये. आणि नांगरताना जमिनीतून हंडा निघाला, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. आपल्या खानदेशात हे अगदीच कल्पनेतले नाही. शेजारी बऱ्हाणपूरला मोगलांची टाकसाळ होती, चांदवडला मराठ्यांची, आणि हा सगळा व्यापारी रस्ता आपल्या दारावरून गेलेला आहे.

घरात काही सापडलेच तर कृपा करून ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. तांब्यावर चढलेला तो काळपट थर जायला दोन मिनिटे लागतात आणि यायला दीडशे वर्षे लागलेली असतात. घासून लखलखीत केलेली शिवराई संग्राहक निम्म्या किमतीलाही घेत नाही. कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि कोणाच्या पेटीतून ते आले तेही त्याच पुडीवर पेन्सिलीने लिहा.