नंबरांची वही एकच असावी

पाली हे आमचे गाव बीड शहराजवळ, सोलापूर-धुळे महामार्गावर, बिंदुसरा प्रकल्पाच्या शेजारी. दसरा-दिवाळी आली की जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. अम्मी-अब्बा फडावर आणि मुले दादी-नानीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. अशा मुलाला रात्री ताप भरला तर आम्हा शिक्षकांच्या हाती काय असते? एक मोबाईल नंबर. तो खरा असला तर ठीक.

शाळेच्या कॉम्प्युटरवर जूनमध्ये भरलेली पालकांची यादी एक्सेलमध्ये असते. नोव्हेंबरात फडावरून पालक नव्या सिमवरून फोन करतात, तो नंबर आम्ही आपल्या मोबाईलमध्ये साठवतो. कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नसतो. मोबाईल हरवला किंवा पाण्यात पडला की नवा नंबर गेला आणि हाती जूनचा बंद नंबर उरला. घरोघरीही हेच चालते. अम्मीचे नंबर सिममध्ये, मुलाचे ईमेलमध्ये, अब्बांचे भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

यावरचा उपाय म्हणजे सिंक. नंबरांची मूळ वही एका खात्यात ठेवायची; कॉम्प्युटर आणि मोबाईल या त्या वहीकडे पाहणाऱ्या दोन खिडक्या. एकीकडे बदल केला की तो दुसरीकडे आपोआप दिसतो. एकेकाळी यासाठी मोबाईल केबलने कॉम्प्युटरला जोडून कंपनीचे सॉफ्टवेअर चालवावे लागे. आता अँड्रॉइड मोबाईलमध्ये गुगल खाते असतेच. सेटिंगमध्ये त्या खात्याचे ‘कॉन्टॅक्ट्स’ सिंक चालू आहे का, एवढे पाहायचे. नवा नंबर साठवताना ‘सिम’ किंवा ‘फोन’ न निवडता खाते निवडायचे. सिमची जागा फार थोडी. त्यात नावही तोकडे राहते, आणि देवनागरी किंवा उर्दू अक्षराला इंग्रजी अक्षराच्या दुप्पट जागा लागते.

एक्सेलची यादी खात्यात नेताना मात्र खरी कसरत होते. आधी कॉम्प्युटरवर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून एक नंबर हाताने भरावा आणि तो ‘गुगल सीएसव्ही’ स्वरूपात एक्स्पोर्ट करावा. त्या फाईलची पहिली ओळ, म्हणजे रकान्यांची नावे, जशीच्या तशी ठेवून खाली आपली यादी भरावी. नंबरचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा. नाहीतर एक्सेल +९१ मधले अधिकचिन्ह खाऊन टाकते आणि बारा अंकी नंबरचे ‘९.१९ई+११’ असे काहीतरी करून ठेवते. तशीच फाईल सीएसव्ही केली तर उरलेले अंक कायमचे गेले. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावे, म्हणजे मराठी-उर्दू नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येत नाहीत. मग इम्पोर्ट. एका वेळी ३,००० पर्यंत नावे जातात. आमच्यासारख्या शाळेला एवढे पुष्कळ झाले. इंटरनेट नसेल तर व्हीसीएफ फाईल करून ब्लूटूथने किंवा केबलनेही मोबाईलमध्ये नेता येते, पण ती फक्त नक्कल. पुढचे बदल तिच्यात येत नाहीत.

नावे कशी लिहावीत, याचाही विचार हवा. आमच्या भागात ‘शेख’ लिहून शोधले तर स्क्रीन संपते, शेख संपत नाहीत! म्हणून आधी मुलाचे नाव, मग इयत्ता, मग नाते, असे लिहावे. ‘आयेशा पाचवी अब्बा’, ‘आयेशा पाचवी मामू’, ‘आयेशा पाचवी मुकादम’. हो, मुकादमाचा नंबरही घ्यावाच. आईबापाचा फोन चार्जिंगअभावी बंद असला तरी टोळीचा मुकादम सहसा सापडतो.

प्रत्येक नंबरापुढे +९१ लिहायची सवय लावावी. उमऱ्याला गेलेली फुफी किंवा जेद्दाहला कामाला असलेला भाऊ नुसते दहा अंक फिरवील तर फोन लागणार नाही. +९१ सह साठवलेला नंबर तिथूनही लागतो आणि बीडमध्येही.

सिंकला बॅकअप समजू नये. लहान मुलाने मोबाईलवर खेळता खेळता नाव पुसले तर ते कॉम्प्युटरवरूनही पुसले जाते. सिंक आपले काम इमानाने करते. पुसलेली नावे गुगल कॉन्टॅक्ट्सच्या ‘ट्रॅश’मध्ये ३० दिवस राहतात, तोवर ती परत आणता येतात. त्यानंतर नाही. म्हणून महिन्यातून एकदा यादी एक्स्पोर्ट करून पेन ड्राइव्हवर ठेवावी, आणि शाळेने तिची छापील प्रतही कपाटात ठेवावी. वीज गेली तर कागदच उपयोगी पडतो.

शाळेची यादी शिक्षकाच्या स्वतःच्या खात्यात मात्र नसावी. त्याची बदली झाली की दीड-दोनशे घरांचे नंबर त्याच्याबरोबर जातात. शाळेचे वेगळे खाते करावे, त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे असावा, आणि सामाईक कॉम्प्युटरवर काम झाले की लॉगआउट करावे. या यादीत आयाबहिणींचे नंबर असतात. ती आपल्याकडे अमानत आहे.

ही अमानत आणखी एका दाराने बाहेर जाते. झटपट कर्ज देणारी काही अ‍ॅप मोबाईलमधली सगळी नावे उचलून घेत, आणि हप्ता थकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना फोन करून त्याची बेअब्रू करत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढून कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट यादी पाहण्यास मनाई केली. गुगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना तशीच बंदी घातली. पण लिंकवरून उतरवलेल्या अ‍ॅपला कोण अडवणार? मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘परमिशन मॅनेजर’ उघडून ‘कॉन्टॅक्ट्स’वर बोट ठेवा. कोणकोणती अ‍ॅप आपली यादी वाचतात ते तिथे दिसते. टॉर्चच्या आणि खेळाच्या अ‍ॅपला आपल्या खालाचा नंबर कशाला हवा? त्यांची परवानगी तिथल्या तिथे बंद करता येते.