हार्दिक की ग्रीन? ट्रेडनंतर कोण सरस ठरलं, आकडे काय सांगतात?

आयपीएल 2024 च्या आधी मुंबई इंडियन्सने गुजरातकडून हार्दिक पांड्याला 15 कोटींत परत आणलं. त्यासाठी पैसे मोकळे करायला कॅमरून ग्रीनला 17.5 कोटींत बेंगळुरूला दिलं. हंगाम संपला आणि मोलगीपासून मुंबईपर्यंतच्या चाहत्यांसमोर एकच प्रश्न उरला: हा सौदा फसला का?

2024 मधली फलंदाजी:

हार्दिक: 13 डाव, 216 धावा, सरासरी 18, स्ट्राइक रेट 143
ग्रीन: 12 डाव, 255 धावा, सरासरी 31.87, स्ट्राइक रेट 143

सरासरी पाहिली तर ग्रीन जवळपास दुप्पट सरस वाटतो. पण सरासरी काढताना धावांना डावांनी नाही, तर फलंदाज किती वेळा बाद झाला त्या आकड्याने भागतात. ग्रीन 4 वेळा नाबाद राहिला, हार्दिक एकदाच. दर डावामागे पाहिलं तर ग्रीनच्या साधारण 21 धावा, हार्दिकच्या 17. वेग सारखाच. विकेट हार्दिकच्या 11, ग्रीनच्या 10.

म्हणजे ग्रीन थोडा पुढे, दुप्पट नाही. बेंगळुरू प्लेऑफमध्ये गेलं, मुंबई तळाला राहिली आणि वानखेडेवर हार्दिकची हुर्यो उडवली गेली. दोघांच्या आकड्यांतला फरक मात्र तेवढा मोठा नव्हता.