मागल्या बाकावरील सभासद

दिंडोशी येथील नागरी निवारा परिषदेच्या इमारती आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिल्या असतील. सामान्य मिळकतीच्या कुटुंबांस हक्काचें घर मिळावें म्हणून ज्यांनीं या कार्यांत पुढाकार घेतला, त्यांत गोरेगांवच्या श्रीमती मृणाल गोरे प्रमुख होत्या. पाण्यासाठीं केलेल्या लढ्यामुळें लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. त्या विधानसभेच्याही सभासद होत्या. ज्याच्या हातीं मंत्रिपद नाहीं असा सभासद तेथें वर्षभर काय करूं शकतो, हें त्यांच्या उदाहरणावरून समजण्यासारखें आहे.

आपल्या विधानसभेचीं वर्षांत बहुधा तीन अधिवेशनें भरतात : अर्थसंकल्पाचें व पावसाळी मुंबईस, आणि हिवाळी नागपुरास. प्रश्नोत्तराच्या तासांत साध्या सभासदासही मंत्र्याकडून उत्तर मागतां येतें. निकडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देतां येते. शिवाय त्याला स्वतःचें विधेयकही आणतां येतें. त्यास अशासकीय विधेयक म्हणतात. परंतु बहुमत सरकारच्या बाजूस असल्यानें असें विधेयक क्वचितच संमत होतें. भारताच्या संसदेंत १९५२ पासून अशीं केवळ १४ विधेयकें कायद्यांत उतरलीं. त्यांतील शेवटचें १९७० सालचें.

मग हा खटाटोप व्यर्थच म्हणावा काय ?

गर्भांतील व्यंग ओळखण्यासाठीं निघालेल्या गर्भजलपरीक्षेचा उपयोग, गर्भ मुलीचा असल्यास तो नाहींसा करण्यासाठीं होऊं लागला होता. १९८६ सालीं विरोधी बाकांवरून मृणालताईंनीं या प्रकारास आळा घालणारें अशासकीय विधेयक मांडलें. सभागृहाबाहेर स्त्रियांच्या संघटनाही हीच मागणी करीत होत्या. ताईंचें विधेयक कायदा झालें नाहीं. पण प्रश्न एकदां सभागृहापुढें आल्यावर सरकारला त्याकडे पाठ फिरवितां आली नाहीं. १९८८ सालीं सरकारनेंच विधेयक आणून कायदा केला. असा कायदा करणारें महाराष्ट्र हें देशांतील पहिलें राज्य होय. पुढें १९९४ सालीं संसदेनेंही असा कायदा केला.

तथापि कायद्यानें सर्व कांहीं साधलें नाहीं. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुली ८९४ च होत्या. हें उणें भरून काढणें सभागृहाच्या नव्हे, घराच्या हातीं आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या प्रतिनिधीनें किती विधेयकें संमत करविलीं एवढेंच विचारूं नका. कोणता प्रश्न त्यानें सभागृहाला टाळूं दिला नाहीं, हेंही विचारा.