गाठ केवढी, छेद केवढा

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झालं. खाटा होत्या ८०, आणि स्तनाच्या कर्करोगावर शल्यविशारदांना तेव्हा एकच मोठी शस्त्रक्रिया ठाऊक होती. बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती रूढ केली होती. रोग गाठीपासून सलग पसरत जातो, असं त्यांचं म्हणणं. मग जितकं लांबून काढाल तितकं बरं! स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकदमच काढायचं. नंतर बरगड्यांवर नुसती कातडी उरायची, हात वर जायचा नाही, बऱ्याचजणींचा तो जन्मभर सुजलेला राहायचा. गाठ एक सेंटिमीटरची असो की पाच, छेद तेवढाच.

पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत हा छेद आक्रसत आला. त्याचं श्रेय आपण सहसा यंत्रांना देतो. परळचा इतिहास बघताना मला दुसऱ्या दोन गोष्टी तितक्याच मोठ्या वाटतात : बाई गाठ घेऊन कधी आली, आणि उपचार पुरे होईपर्यंत मुंबईत तिला राहता आलं का.

सुरुवातीच्या पिढीतले नामवंत शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस. रुग्णालयाजवळच्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे. त्या पिढीच्या हाती निदानासाठी मुख्यतः स्वतःची बोटं आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच. स्तनाचं क्ष-किरण चित्र काढण्याचे प्रयोग बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन यांनी १९१३ मध्येच केले होते, पण काढून टाकलेल्या स्तनांवर. जिवंत बाईच्या तपासणीत भरवशाने वापरता येईल अशी पद्धत ह्यूस्टनच्या रॉबर्ट इगन यांनी १९६० च्या सुमारास बसवली. दरम्यान मुंबईत वेगळंच महत्त्वाचं काम उभं राहिलं. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये शहराची कर्करोग नोंदणी सुरू झाली, लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली. तिच्यामुळेच पुढे आकड्यांत दिसलं की मुंबईच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग कमी होतो आहे आणि स्तनाचा वाढतो आहे.

मॅमोग्राफी स्तनाला दोन पट्ट्यांमध्ये दाबून चपटं करते आणि सौम्य क्ष-किरणांनी चित्र काढते. बोटाला न लागणारे चुन्याचे कण त्यात मिठाच्या दाण्यांसारखे दिसतात. काही वेळा रोगाची ती पहिली खूण असते. पण चित्रात गाठही पांढरी आणि ग्रंथींचं दाट ऊतकही पांढरंच. वय कमी तितकं ऊतक दाट. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा रोग सरासरीने सुमारे दहा वर्षं लवकर गाठतो, त्यामुळे परळला येणाऱ्या चाळिशीच्या बाईचं नुसत्या मॅमोग्राफीवर भागत नाही. तिथे सोनोग्राफी कामाला येते : गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे ती सांगते, आणि पडद्यावर बघत बघत बायोप्सीची सुई नेमकी गाठीत नेता येते. आजची चाल ठरून गेलेली आहे : हाताने तपासणी, चित्र आणि सुई. तिन्हींचं एकमत झालं की शस्त्रक्रियेचं बोलायचं. एमआरआयचं आकर्षण मोठं आहे. घरचे लोक तो करून घ्या म्हणून आग्रह धरतात. जनुकीय दोष असलेल्या घराण्यात किंवा एरवी चित्र संदिग्ध असताना तो उपयोगी पडतो हे खरं. पण ब्रिटनमध्ये १६२३ स्त्रियांवर झालेल्या कॉमिस चाचणीत, शस्त्रक्रियेआधी सरसकट एमआरआय केल्याने पुन्हा टेबलावर घेण्याची वेळ कमी झाली नाही, असं २०१० मध्ये स्पष्ट झालं. तो पैसा राहण्या-खाण्याला ठेवलेला बरा.

खरी उलथापालथ शस्त्रक्रियेत झाली. मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ स्त्रियांवर चाचणी घेतली. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत होती. निम्म्यांवर हॉलस्टेडची शस्त्रक्रिया, निम्म्यांचा स्तनाचा चौथा हिस्सा काढून वर किरणोपचार. वीस वर्षांनी, २००२ मध्ये, जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखं निघालं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या चाचणीचाही निष्कर्ष तोच, पण तिने आणखी एक गोष्ट दाखवली. नुसती गाठ काढून किरण न दिल्यास वीस वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण ३९ टक्के. किरण दिल्यास १४.

हे आकडे परळच्या दारात वेगळ्या वजनाने येतात. टाटात स्तन राखून करायची शस्त्रक्रिया १९८० च्या दशकातच सुरू झाली होती. डॉ. केतायून दिनशॉ आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००० मधल्या अशा १०२२ स्त्रियांचा अभ्यास २००५ मध्ये मांडला. भारतीय रुग्णालयातही हे जमतं, याचा तो भक्कम पुरावा. पण किरण, म्हणजे रुग्णांच्या भाषेत ‘लाईट’, रोज एक याप्रमाणे २५ वेळा घ्यायची, म्हणजे पाच आठवडे मुंबईत मुक्काम. लालबागच्या चाळीतल्या बाईला ते चालत जाण्याच्या अंतरावर. जालना किंवा गडचिरोलीच्या बाईला मुंबईत कुणी नातेवाईक नसला, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत फूटपाथ. घरी पोरं, शेतात पेरणी. मग ती म्हणते, “डॉक्टर, सगळंच काढून टाका.” तिने स्तन नको म्हणून हे निवडलेलं नसतं. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि तो शस्त्रक्रियेच्या पुस्तकात कुठे सापडत नाही.

काखेचं प्रकरण असंच. रोगाची पहिली पायरी ठरणारी काखेतली गाठ निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून शोधायची, तेवढीच काढून तपासायची, ही पद्धत १९९० च्या दशकात आली. त्यामुळे अनेकजणींचा हात सुजायचा वाचला. मात्र त्यासाठी लागणारं द्रव्य आणि ते हुडकणारा गॅमा प्रोब लहान गावच्या रुग्णालयात कुठून येणार? टाटाच्या डॉ. वाणी परमार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याला पर्याय मांडला : काखेतून जाणारी एक ठरावीक मज्जातंतू खूण धरायची आणि तिच्या खालचा चरबीचा भाग गाठींसकट काढून तपासायचा. यंत्र लागत नाही. लागते ती शरीररचनेची जाण.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेलं काम. टाटाच्याच डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया चाचणीत घेतल्या. एका गटाकडे दर दोन वर्षांनी दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या जात. मॅमोग्राफी नाहीच, हातांनी तपासणी. निकाल २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या गटात पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले रोगी ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. मृत्यू एकूण १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मात्र जवळजवळ ३० टक्क्यांची घट ठामपणे दिसली. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, हेही तितकंच स्पष्टपणे सांगायला हवं. दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावरून या प्रकल्पावर टीका झाली. ती टीका रास्त होती. तरीही गाठ लहान असताना सापडली तरच स्तन राखायचा विषय निघतो, आणि लाखो रुपयांची यंत्रं नसलेल्या तालुक्यात ती लहान असताना कोण शोधू शकतं, हे मुंबईच्या या वस्त्यांनी दाखवून दिलं.

टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच वळणाचा. छेद घेण्यापूर्वी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती भूल देण्याचं साधं लिग्नोकेन टोचलं. भारतातल्या ११ केंद्रांवर १५८३ स्त्रियांची आकडेवारी तपासली, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. औषध कुठल्याही तालुक्याच्या शस्त्रक्रियागृहात मिळतं.

‘लाईट’चे दिवसही कमी झाले आहेत. ब्रिटनच्या स्टार्ट चाचण्यांनंतर २५ ऐवजी १५ मात्रा, तीन आठवड्यांत. आणि २०२० च्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीच्या पाच वर्षांच्या निकालात पाच मात्रांची, एका आठवड्याची पद्धतही तीन आठवड्यांच्या तोडीची ठरली. शिवाय सोलापूर, धाराशिवकडच्या बाईला किरणांसाठी बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय परळपेक्षा कितीतरी जवळ आहे. शस्त्रक्रिया कोणती हे विचारण्याआधी, किरण कुठे घेणार आणि तिथे उतरणार कुणाकडे, हे ओपीडीतच तिच्याशी बोलायला हवं. गाठ दोन सेंटिमीटरची असेल तर त्या उत्तरावर तिचा स्तन राहणार की जाणार हे ठरतं.