दप्तरात नाव नाही, म्हणून ती नव्हती का?

आजचा विषय ऐतिहासिक कादंबरीचा आहे, पण मी त्याकडे प्रमाणशास्त्राच्या वाटेने जाणार आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, ती खोड आता जायची नाही. प्रश्न असा: युद्धात लढलेल्या, पण कागदावर न आलेल्या बाईवर कादंबरी लिहायची तर लेखकाने किती कल्पावं आणि कुठे थांबावं?

उदाहरण झाशीचं घेऊ. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. एप्रिलच्या सुरुवातीला राणी रात्रीतून किल्ल्याबाहेर निसटली. बुंदेलखंडात सांगतात की, झलकारीबाई नावाची कोरी, म्हणजे विणकर समाजातली स्त्री दिसायला राणीसारखी होती. ती राणीच्या वेशात इंग्रजांना सामोरी गेली, त्यांना गुंतवून ठेवलं, आणि तेवढ्यात राणी दूर पोचली. पुढे झलकारीचं काय झालं? कुणी म्हणतं तिथेच पडली, कुणी म्हणतं नंतर बरीच वर्षं जगली.

आता पुरावा बघा. झाशीच्या बायका तोफांच्या मोर्च्यांवर काम करताना, दारूगोळा वाहताना दिसल्या, असं इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. शत्रूची साक्ष आहे, तिला वजन आहे. पण त्या बायकांची नावं त्याला कुठून कळणार? आपल्याकडचे वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीतच होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. लुटीचं, कत्तलीचं त्यांनी केलेलं वर्णन आजही वाचवत नाही. पण ते भिक्षुक ब्राह्मण. वाडा, देऊळ, यज्ञ, दक्षिणा हे त्यांचं जग. कोरी घरातल्या बाईचं नाव त्यांना कोण सांगणार?

इथे मला मीमांसक आठवतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही असं आपण जाणतो. पण त्याला एक अट आहे: घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. म्हणजे उजेड हवा, डोळे शाबूत हवेत. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. जुनी दप्तरं अशा बायकांच्या बाबतीत अंधारी खोली आहेत. ‘नोंद नाही, सबब ती नव्हती’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही.

मात्र, आणि हे आपण सोयीने विसरतो, अंधारामुळे घडा आहे असंही सिद्ध होत नाही. कादंबरीकाराची जबाबदारी इथेच सुरू होते.

वृंदावनलाल वर्मांनी १९४६ च्या हिंदी कादंबरीत झलकारीला जागा दिली. महाश्वेतादेवींनी बुंदेलखंडात हिंडून लोकांच्या आठवणी गोळा केल्या आणि १९५६ मध्ये बंगालीत राणीवर पुस्तक लिहिलं. २००१ साली झलकारीबाईंचं टपाल तिकीट निघालं. ज्या समाजाला इतिहासाच्या पुस्तकात स्वतःचं माणूस सापडत नव्हतं, त्याला ते मिळालं. ही लहान गोष्ट नाही.

पण म्हणूनच जपायला हवं. कादंबरीतला संवाद भाषणात येतो, भाषणातून शाळेच्या हस्तलिखितात जातो, आणि तो तिचाच शब्द ठरतो. मग एखादा अभ्यासक तो एक तपशील खोटा पाडतो आणि त्याबरोबर ती बाईच खोटी ठरवली जाते. नुकसान लेखकाचं होत नाही, तिचं होतं.

ॲरिस्टॉटल म्हणतो, इतिहासकार घडलेलं सांगतो, कवी घडू शकेल असं सांगतो. मी त्यावरून लिहिणाऱ्यांना तीन गोष्टी सांगेन. तारखा, ठिकाणं, लढाईचा क्रम हे घडलेलं आहे, त्याला हात लावू नका. लोककथा ही लोककथा म्हणूनच येऊ द्या. तिचे दोन शेवट असतील तर दोन्ही येऊ द्या. आणि मन, बोलणं, घरातली संध्याकाळ हे तुमचं. ते मोकळेपणाने लिहा, फक्त पुस्तकाच्या शेवटी दोन पानं जोडून कोणतं काय आहे ते सांगा. वाचक त्याने दुरावत नाही. उलट, तोफेजवळ दारूगोळा वाहणाऱ्या त्या बिननावाच्या बायकांवर त्याचा विश्वास बसतो.

आता तुमचे प्रश्न असतील तर घेऊ.